चांदणीच्या रजईची शिवण सपाट कशी बसते?

रंगीत कापडाचे तुकडे जोडून केलेल्या रजयांमध्ये चांदणीची रजई ही सर्वांत देखणी मानली जाते आणि सर्वांत अवघडही. दोनशे तुकडे कापले, रंगसंगती जमली, काही महिने शिवणकाम झाले, तरी रजईचा वरचा पदर जमिनीवर पसरला की मधोमध फुगवटा दिसतो. कधी कडांना झालरीसारख्या लाटा येतात, तर कधी आठ टोके जिथे भेटतात तिथे बोटाला खड्यासारखी गाठ लागते. मग गरम इस्त्री, पाण्याचा फवारा, गादीखाली दाबून ठेवणे असे उपाय सुरू होतात आणि ते बहुधा निष्फळ ठरतात. कारण शिवण सपाट बसणार की नाही, हे इस्त्रीच्या टेबलाशी येण्यापूर्वीच ठरलेले असते. तुकड्याचा कोन, कापडाचा धागा, शिवणीत सोडलेली माया आणि ती माया वळवण्याची दिशा या चार गोष्टींवर सपाटपणा अवलंबून असतो. इस्त्रीचे काम त्या चारांवर शिक्का मारण्याचे आहे.

गोधडी आणि जोडकामाची रजई

आपल्याकडच्या गोधडीशी परिचय असलेल्यांना हा प्रश्न काहीसा नवा वाटेल. गोधडीत जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक पसरतात, त्यांवर तुकडे ठेवून कडा आत दुमडतात आणि सर्व थरांतून धावदोरा घालत जातात. प्रत्येक तुकडा खालच्या कापडावर टेकलेला असतो आणि जवळजवळ घातलेले टाके त्याला जागच्या जागी दाबून धरतात. त्यामुळे एखादा तुकडा किंचित तिरपा कापला गेला तरी बिघडत नाही.

अमेरिकेत रूढ झालेल्या जोडकामाच्या रजईची, म्हणजे क्विल्टची, रीत वेगळी आहे. तेथे प्रथम वरचा पदर स्वतंत्रपणे तयार होतो. तुकड्याला तुकडा जोडला जातो आणि खाली आधाराला काहीच नसते. हा पदर पूर्ण झाल्यावर त्याखाली कापसाचा थर आणि अस्तर लावून तिन्ही थर टाक्यांनी एकत्र बांधतात. साहजिकच वरच्या पदरातील प्रत्येक शिवण स्वतःच्या बळावर सपाट राहावी लागते. चौकोनी तुकड्यांच्या रजईत ते फारसे कठीण नसते. चांदणीत मात्र टोकदार कोन, तिरप्या कडा आणि एका बिंदूवर येणाऱ्या अनेक शिवणी या तिन्ही अडचणी एकत्र येतात.

चांदणीचा प्रवास

आठ टोकांची साधी चांदणी अमेरिकेत ‘लेमॉइन स्टार’ या नावाने ओळखली जाते. १७१८ मध्ये न्यू ऑर्लिन्स शहर वसवणाऱ्या ज्याँ-बाप्तिस्त ल मॉइन याच्या घराण्याशी या नावाचा संबंध जोडण्यात येतो. बोलण्यात त्याचे पुढे ‘लेमन स्टार’ असेही झाले. याच चांदणीचे प्रत्येक टोक अनेक छोट्या तुकड्यांनी भरले आणि ती रजईभर पसरली की तिला ‘स्टार ऑफ बेथलेहेम’ किंवा ‘लोन स्टार’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच हा नमुना लोकप्रिय झाला होता.

उत्तर अमेरिकेच्या मैदानी प्रदेशातील लकोटा आणि त्यांच्या शेजारच्या आदिवासी समाजांत या रजईला याहून मोठे स्थान मिळाले. बायसनचे कळप एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जवळपास नामशेष झाले आणि कातड्याची पांघरुणे दुर्मिळ झाली. त्याच सुमारास मिशनरी आणि सरकारी शाळांमधून रजईचे शिवणकाम तेथील स्त्रियांपर्यंत पोहोचले. पहाटेच्या ताऱ्याला या समाजांच्या श्रद्धेत पूर्वीपासूनच महत्त्व होते. त्यामुळे चांदणीचा नमुना त्यांनी आपलासा केला. जन्म, नामकरण, शिक्षणाची पूर्तता, युद्धावरून परतणे आणि अंत्यविधी अशा प्रसंगी ही रजई सन्मानाने खांद्यांवर पांघरली जाते किंवा भेट दिली जाते. मोंटाना राज्यातील फोर्ट पेक येथे बास्केटबॉलच्या सामन्यांतही खेळाडूंना अशा रजया देण्याची प्रथा आहे. ज्या वस्तूने माणसाचा गौरव करायचा, तिच्या मध्यभागी गाठ नसावी, असे करणाऱ्याला वाटणे स्वाभाविक आहे.

सपाटपणाकडे शहरी रसिकांची नजर वळण्यास आणखी एक घटना कारणीभूत ठरली. १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात जुन्या अमेरिकन रजया चित्रांसारख्या भिंतीवर टांगून प्रदर्शित करण्यात आल्या. पलंगावर पसरलेल्या रजईतील फुगवटा उशा-गाद्यांच्या चढउतारात लपतो, भिंतीवर तो लपत नाही. पुढे १९७९ मध्ये जपानच्या ओल्फा कंपनीने चाकासारख्या गोल पात्याचे रोटरी कटर बाजारात आणले. पुठ्ठ्याच्या फर्म्याभोवती पेन्सिल फिरवून कात्रीने एकेक तुकडा कापण्याऐवजी पट्टीच्या कडेने एकदम अनेक थर कापणे शक्य झाले. कापण्यातील अचूकता वाढली तशी शिवणीतील चूकही अधिक ठळकपणे दिसू लागली.

तीनशे साठ अंशांचा हिशेब

आठ टोकांच्या चांदणीचा मूळ तुकडा शंकरपाळ्याच्या आकाराचा असतो. भूमितीच्या भाषेत तो समभुज चौकोन होय. त्याचे दोन कोन ४५ अंशांचे आणि दोन १३५ अंशांचे असतात. अशा आठ शंकरपाळ्यांची अरुंद टोके मध्यबिंदूपाशी आली की आठ गुणिले ४५, म्हणजे बरोबर ३६० अंश होतात. पूर्ण वर्तुळ भरते आणि कापड सपाट बसते.

आता प्रत्येक टोकाचा कोन एकाच अंशाने कमी, म्हणजे ४४ अंशांचा झाला असे समजू. आठ टोकांचे मिळून ३५२ अंश होतात. आठ अंशांची फट शिवून बंद केली की कापड मध्यभागी वर उचलले जाते. चणे-शेंगदाण्यांसाठी कागदाची पुडी वळताना जे होते, तेच येथे अल्प प्रमाणात होते. उलट कोन ४६ अंशांचे झाले तर बेरीज ३६८ भरते. जास्तीचे आठ अंश मावायला जागा नसल्याने मध्य खाली बसतो आणि कडा घेरदार परकरासारख्या लाटा घेऊ लागतात.

यावरून दोषाचे निदान करता येते. मधोमध टोपीसारखा उंचवटा असेल तर मध्यापाशी कोन कमी पडला आहे. कडा लहरत असतील तर कोन वाढला आहे किंवा बाहेरच्या कडा ताणल्या गेल्या आहेत. दोन्ही दोष इस्त्रीने जात नाहीत, कारण जे अंश कापडातच नाहीत किंवा जास्तीचे आहेत, त्यांची भरपाई उष्णतेने होत नाही.

कापडाचा धागा ओळखावा

विणलेल्या कापडाला उभा धागा आणि आडवा धागा असतो. उभ्या धाग्याच्या दिशेने कापड जवळजवळ ताणले जात नाही, आडव्या दिशेने थोडे ताणले जाते. ४५ अंशांच्या तिरप्या रेषेत, म्हणजे उरेबात, ते सर्वाधिक ताणले जाते. ब्लाउजच्या गळ्याला उरेब पट्टी लावतात ती याच गुणामुळे. चांदणीत मात्र हाच गुण दोष ठरतो.

४५ अंशांच्या शंकरपाळ्याच्या दोन समोरासमोरच्या कडा सरळ धाग्यावर घेतल्या की उरलेल्या दोन कडा आपोआप पूर्ण उरेबात येतात. त्या टाळता येत नाहीत, परंतु सांभाळता येतात. सर्व तुकडे एकाच रीतीने कापावेत, म्हणजे प्रत्येक टोकाची कोणती बाजू सरळ आणि कोणती उरेब हे निश्चित राहते. आठ टोके गोलाकार जोडताना प्रत्येक शिवणीत एक सरळ कड आणि एक उरेब कड यावी. सरळ कड उरेब कडेला आवरून धरते. दोन उरेब कडा एकमेकींना जोडल्या तर दोन्ही लांबत जातात.

कापड एकाच जाडीचे आणि घट्ट विणीचे सुती असावे. पॉपलीन किंवा केंब्रिक यासाठी योग्य आहे. सैल विणीचे आणि जाड कापड एकाच चांदणीत मिसळू नये. नवे कापड रंग जात असल्यास धुऊन घ्यावे. कापण्यापूर्वी त्याला खळ द्यावी आणि कोरड्या इस्त्रीने ते कडक करावे. कापून झाल्यावर खळ दिली तर ओलसर उरेब कडा हाताळतानाच ताणल्या जातात. खळीने कडक झालेले कापड जवळजवळ कागदासारखे वागते, आणि तेच येथे हवे असते.

पाव इंचाची माया

शिवणीच्या रेषेपलीकडे सोडलेल्या कापडाला शिंपी ‘माया’ म्हणतात. ब्लाउजमध्ये पुढे कपडा सैल करता यावा म्हणून ती भरपूर ठेवतात. रजईच्या जोडकामात माया पाव इंच, म्हणजे सुमारे साडेसहा मिलिमीटर असते. ती अधिक ठेवली तर आतल्या बाजूला कापडाचे थर साचतात, कमी ठेवली तर शिवण उसवण्याची भीती असते.

येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा. शिवण वळवल्यावर कापडाच्या घडीतच धाग्या-दोन धाग्यांची जागा खर्ची पडते. म्हणून टीप पाव इंचाच्या रेषेवर न घालता तिच्या किंचित आत, कापडाच्या कडेकडे घालावी लागते. आपल्या मशीनवर ती नेमकी कुठे येते हे अनुमानाने ठरवू नये. दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या शेजारी-शेजारी जोडाव्यात आणि शिवणी वळवून इस्त्री करावी. मधली पट्टी बरोबर एक इंच आणि एकूण रुंदी साडेतीन इंच भरली पाहिजे. कमी भरली तर टीप जास्त आत जाते आहे, अधिक भरली तर कडेला सरकते आहे. योग्य जागा सापडली की सुईखालच्या पट्टीवर चिकटपट्टी लावून खूण कायम करावी.

इतकी काटेकोरी कशासाठी, याचे उत्तर बेरजेत आहे. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. प्रत्येक शिवणीत माया अर्ध्या सुताने वाढली, तर दोन्ही तुकड्यांचे मिळून एक सूत कापड खाल्ले जाते. पाच पट्ट्यांच्या जोडात चार शिवणी असतात, म्हणजे चार सूत. अर्धा इंच कापड नाहीसे झाले आणि ते डोळ्यांना कुठेच दिसले नाही. ही चूक सर्व शिवणींत सारखीच झाली असेल तर चांदणी थोडी लहान होते, पण सपाट राहते. एक शिवण अरुंद, दुसरी रुंद असे झाले तर मात्र शेजारच्या कडांची लांबी जुळत नाही, त्या ओढून-ताणून जोडल्या जातात आणि फुगवट्याचा जन्म होतो. अचूकतेइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, सातत्य महत्त्वाचे आहे.

दोरा बारीक सुती असावा. पन्नास क्रमांकाचा दोरा, सत्तर किंवा ऐंशी क्रमांकाची सुई आणि सुमारे दोन मिलिमीटरचा टाका हे प्रमाण चांगले. जाड दोरा शिवणीच्या घडीतच जागा अडवतो.

पट्ट्यांपासून शंकरपाळ्यापर्यंत

मोठ्या चांदणीचे दोनशे तुकडे सुटे कापून जोडणे आज क्वचितच केले जाते. पट्ट्या जोडून त्या तिरप्या कापण्याची पद्धत अधिक सोयीची आहे, कारण सुट्या उरेब कडांना हात लावण्याचे प्रसंग तीत कमी येतात.

उदाहरणादाखल पाच ओळींची चांदणी घेऊ. प्रत्येक मोठ्या टोकात पाच गुणिले पाच, म्हणजे २५ शंकरपाळी आणि आठ टोकांत मिळून २०० शंकरपाळी येतात. मध्यापासून टोकापर्यंत रंगांची नऊ वलये तयार होतात. सरळ धाग्यावर अडीच इंच रुंदीच्या पट्ट्या कापाव्यात. कापडाचा पन्हा ४४ इंचांचा असेल तर एका पट्टीत एका ओळीचे आठही तुकडे निघतात. पाच पट्ट्या जोडताना प्रत्येक पुढची पट्टी सुमारे दोन इंच मागे सरकवून पायऱ्यांसारखी लावावी, म्हणजे तिरपे कापताना कापड वाया जात नाही. एका पट्टीची टीप डावीकडून सुरू केली तर दुसरीची उजवीकडून करावी. सर्व टिपा एकाच दिशेने घातल्या तर जोड धनुष्यासारखा वाकतो.

पट्ट्यांचा हा जोड इस्त्री करून ४५ अंशांच्या रेषेवर अडीच-अडीच इंचांचे तिरपे तुकडे कापावेत. दर दोन-तीन कापांनंतर पट्टीवरील ४५ अंशांची रेषा शिवणीशी पुन्हा पडताळून पाहावी. कोन सरकत जातो तो येथेच.

ओळी एकमेकींना जोडताना नवशिक्यांचा हमखास गोंधळ होतो. शिवणी कडेपाशी जुळवल्या तर टोके जुळत नाहीत, कारण या शिवणी तिरप्या आहेत. त्या जुळायला हव्यात टिपेच्या रेषेवर, म्हणजे कडेपासून पाव इंच आत. उलट्या बाजूस पाव इंचाची बारीक रेघ आखावी, शिवण जिथे या रेघेला छेदते तिथे टाचणी उभी घालावी आणि ती दुसऱ्या ओळीच्या तशाच बिंदूतून काढावी. ती उभी टाचणी न हलवता दोन्ही बाजूंना आणखी दोन टाचण्या लावून मग पहिली काढावी. दोन्ही ओळींची टोके पाव इंच बाहेर डोकावताना दिसतील आणि ती तशीच दिसली पाहिजेत.

एक कड दुसरीहून किंचित लांब भरत असेल तर लांब कड खाली ठेवावी. मशीनचे दाते खालचे कापड पुढे ओढतात आणि थोडासा सैलपणा आपोआप सामावला जातो. वरून कापड ओढू मात्र नये.

प्रत्येक मोठे शंकरपाळे पूर्ण होताच मोजावे. वरील मापांनी त्याची बाजू सुमारे १४.१४ इंच, लांब कर्ण २६.१ इंच आणि आखूड कर्ण १०.८ इंच यायला हवा. ही मापे शिवणीच्या रेषांमधील आहेत, बाहेरची माया त्यांत धरलेली नाही. आखूड कर्ण पाव इंचाने वाढला तर कोन सुमारे एक अंशाने वाढला असे समजावे. नेमक्या मापाचा कागदी फर्मा करून आठही शंकरपाळी त्यावर ठेवून पाहणे सर्वांत सोपे. दोष याच टप्प्यावर सापडला तर एक-दोन शिवणी उसवून काम भागते.

शिवण कोणीकडे वळवावी?

शिवण एका बाजूला वळवावी की दुभागून उघडी करावी, हा जोडकाम करणाऱ्यांतील जुना वाद आहे. दोन्ही पक्षांकडे सबळ कारणे आहेत.

हाताने शिवण्याच्या काळात शिवण एकाच बाजूला, शक्यतो गडद कापडाकडे वळवण्याची रीत होती. धावदोऱ्याची शिवण उघडली तर टाके उघडे पडतात, त्यांच्यावर ताण येतो आणि त्यांतून कापसाचे तंतू बाहेर येतात. शिवाय गडद माया फिकट कापडाखाली गेली की तिची सावली दिसते. एका बाजूला वळवलेल्या शिवणींचा आणखी एक लाभ आहे. शेजारच्या ओळींत त्या विरुद्ध दिशांना वळवल्या की जोडताना एकमेकींत खाचेसारख्या बसतात आणि घसरत नाहीत.

मशीनची टीप घट्ट असते, त्यामुळे दुभागलेली शिवणही टिकते. थरांचा हिशेब केला तर तिचा फायदा स्पष्ट होतो. एका बाजूला वळवलेल्या शिवणीत त्या बाजूस कापडाचे तीन थर होतात आणि दुसऱ्या बाजूस एकच. म्हणजे तेथे पायरी तयार होते. दुभागलेल्या शिवणीत दोन्हीकडे दोन-दोन थर राहतात. लहान शंकरपाळ्यांच्या दाट चांदणीत दुभागलेली शिवण निश्चितच अधिक सपाट बसते. मात्र अशा रजईवर नंतर भरणीचे टाके नेमके शिवणीवरून घालू नयेत, कारण तेथे कापड नसून केवळ दोरा असतो.

कोणताही मार्ग स्वीकारला तरी इस्त्रीची रीत एकच आहे. प्रथम शिवण मिटलेली असतानाच तीवर इस्त्री टेकवावी, म्हणजे दोरा कापडात बसतो. मग शिवण वळवून किंवा दुभागून सुलट बाजूने इस्त्री दाबावी, उचलावी आणि पुढे ठेवावी. इस्त्री पुढे-मागे फिरवली की उरेब कडा ताणल्या जातात. वाफेचा वापर शक्यतो शेवटच्या टप्प्यापर्यंत टाळावा. गरम शिवणीवर लगेच गुळगुळीत लाकडी ठोकळा दाबून ती थंड होईपर्यंत ठेवला तर घडी पक्की बसते. गरम कापड उचलून बाजूला टाकण्याची घाई करू नये.

आठ टोकांचा मध्य

चांदणीची खरी कसोटी मध्यबिंदूपाशी लागते. तेथे आठ शिवणी येतात आणि प्रत्येकीच्या मायेचे दोन पदर धरले तर सोळा पदर एका ठिपक्याकडे धाव घेतात. ते एकमेकांवर चढले तर गाठ अटळ आहे. त्यांना गोलाकार पसरवणे हाच उपाय.

हाताने शिवताना टीप तुकड्याच्या कडेपर्यंत नेऊ नये. पाव इंच आधी, नेमक्या ठिपक्यावर थांबून टाका पक्का करावा. माया मोकळी राहिल्यामुळे आठही शिवणी घड्याळाच्या काट्यांप्रमाणे एकाच दिशेने वळवता येतात आणि मागील बाजूस लहानशी भिरभिऱ्यासारखी आकृती उमटते. ती दिसली की मध्य सपाट बसला असे समजावे.

मशीनवर आठ टोकांच्या चार जोड्या कराव्यात, चार जोड्यांचे दोन अर्धे भाग आणि शेवटी मधली लांब शिवण घालावी. जोड्यांच्या शिवणी सर्वत्र एकाच फिरत्या दिशेने वळवल्या तर दोन अर्धे समोरासमोर येताना मध्यावरच्या शिवणी एकमेकींत बसतात. शेवटच्या शिवणीपूर्वी मध्यावर उभी टाचणी लावून केवळ एक-दीड इंच भागावर मोठ्या टाक्याची कच्ची टीप घालावी आणि उलगडून पाहावे. टोके जुळली नसतील तर तेवढेच टाके काढणे सोपे जाते. जुळली असतील तर पूर्ण टीप घालावी. त्यानंतर मध्याजवळच्या मायेतील दोन-तीन टाके अलगद उसवले की शेवटच्या शिवणीचा अर्धा भाग एकीकडे आणि अर्धा दुसरीकडे वळतो व माया गोलाकार पसरते. बाहेर डोकावणारी टोके कापून टाकावीत, पण शिवणीच्या अगदी जवळ कात्री नेऊ नये.

कोपऱ्यांतील भर

दोन टोकांच्या मधली खाच बरोबर ९० अंशांची असते. चारही कोपऱ्यांच्या खाचांत चौरस आणि चारही बाजूंच्या खाचांत काटकोन त्रिकोण बसतात. येथे तीन शिवणी एका बिंदूवर येतात, म्हणून प्रत्येक टीप पाव इंच अलीकडे थांबलीच पाहिजे. मायेत एक जरी टाका पडला तरी त्या जागी चुणी उमटते. खाचेपासून बाहेर अशा दोन स्वतंत्र टिपा घालाव्यात, कोपऱ्यावर कापड वळवून एकच टीप पुढे नेऊ नये.

भरीचे तुकडे चांदणी पूर्ण झाल्यानंतर, तिची प्रत्यक्ष बाजू मोजूनच कापावेत. आपल्या उदाहरणात १४.१४ इंचांच्या बाजूसाठी चौरस सुमारे १४ इंच ५ सूत घ्यावा लागतो. त्रिकोणांसाठी सव्वा एकवीस इंचांचा एक चौरस दोन्ही कर्णांवर कापला की चार त्रिकोण मिळतात आणि त्यांची लांब बाजू सरळ धाग्यावर येते. रजईची बाहेरची कड अशा रीतीने ताणमुक्त राहते. तयार पदर सव्वा अठ्ठेचाळीस इंचांचा होतो.

फुगवटा आलाच तर

प्रथम पदर टणक जमिनीवर पसरून तळहाताने मध्यापासून बाहेर सारखा करावा. फुगवटा कडेपर्यंत सरकून नाहीसा होत असेल तर तो केवळ सैलपणा आहे. अशा किरकोळ सैलपणाला हलकी वाफ देऊन थंड होऊ द्यावे. पुढे कापसाच्या थरासह दाट भरणीचे टाके घातले की तो सामावतो. फुगवटा हाताखालून पुन्हा मध्याशी परतत असेल तर तो कोनाचा दोष आहे आणि त्याला उसवण्यावाचून गत्यंतर नाही. आठही शंकरपाळी सुटी करण्याची गरज मात्र नसते. प्रत्येकाचा आखूड कर्ण मोजला की दोषी कोण हे कळते. बहुतेक वेळा दोन किंवा तीन टोकांतच बिघाड सापडतो.

सुरुवात करणाऱ्यांनी थेट मोठ्या चांदणीला हात घालण्याऐवजी ‘ओहायो स्टार’ हा नऊ घरांचा नमुना करून पाहावा. नऊ इंचांच्या चौकटीसाठी साडेतीन इंचांचे पाच चौरस मध्यावर आणि कोपऱ्यांत लागतात. उरलेल्या चार घरांसाठी सव्वाचार इंचांचे चार चौरस, दोन चांदणीच्या रंगाचे आणि दोन पार्श्वभूमीचे, प्रत्येकी दोन्ही कर्णांवर कापावेत. प्रत्येक घरात दोन्ही रंगांचे दोन-दोन त्रिकोण येतात. यात ४५ अंशांची टोके, उरेब कडा, विरुद्ध दिशांना वळलेल्या शिवणी हे सारे आहे, पण एका बिंदूवर आठ शंकरपाळी येत नाहीत आणि खाचेत भर घालावी लागत नाही. अशा चार चौकटी मापाला बरोबर साडेनऊ इंच, म्हणजे बाहेरच्या मायेसह, भरल्या की हात मोठ्या चांदणीसाठी तयार झाला असे समजण्यास हरकत नाही.

रजई पूर्ण झाल्यावर माया, टिपा, वळवलेल्या शिवणी हे सारे अस्तराखाली कायमचे झाकले जाते. पाहणाऱ्याला दिसते ती केवळ सपाट पसरलेली चांदणी. मात्र ती पांघरणाऱ्याचा हात मध्यावरून न अडखळता फिरतो, तेव्हा आत झाकलेल्या या सगळ्या कामाची पावती मिळालेली असते.